तालुक्याच्या कॉलेजातलं चौथं वर्ष आणि बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड

तीन वर्षं झाली की बी.एस्सी.ची पदवी घेऊन बाहेर पडता येतं. आमच्या वर्गातले बहुतेक जण तसेच बाहेर पडले. कुणी बी.एड.च्या मागे लागलं, कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राउंडवर जायला लागलं, काही मैत्रिणींची लग्नं ठरली. मी रसायनशास्त्रात चौथं वर्ष घेतलं, ऑनर्स विथ रिसर्च. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पांढरकवड्याच्या पट्ट्यात आमचं गाव आहे, कापूस आणि तुरीचं. तिथून एसटीने तालुक्याच्या कॉलेजात जाऊन-येऊन हे वर्ष पूर्ण केलं. हे वर्ष नेमकं कसं असतं हे सांगणारं मला आमच्या भागात कुणी भेटलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी नियमांचं सांगते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान 160 क्रेडिट लागतात. चौथ्या वर्षाला दोन वाटा आहेत. एक नुसतं ऑनर्स, त्यात जास्तीचे विषय शिकायचे. दुसरी ऑनर्स विथ रिसर्च, त्यात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो आणि शेवटी प्रबंध द्यावा लागतो. या दुसऱ्या वाटेसाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के हवेत. मुलं ही टक्क्यांची अट वाचूनच मागे फिरतात, पण खेड्यातल्या कॉलेजात खरी अडचण पुढच्या अटीची आहे. विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक लागतात. आमच्याकडच्या कितीतरी विभागांत जागा रिकाम्या आहेत आणि शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरच्या सर-मॅडमवर आहे. ती माणसं जीव तोडून शिकवतात, त्यातले कित्येक स्वतः पीएच.डी. आहेत, पण या अटीत ते धरले जात नाहीत. आमच्या विभागात असे दोन जण होते म्हणून माझं जमलं. शेजारच्या तालुक्यातल्या माझ्या मैत्रिणीचे टक्के माझ्यापेक्षा जास्त होते, पण तिच्या विभागात मार्गदर्शक एकच. तिला नुसतं ऑनर्स घ्यावं लागलं. हे मला अजून टोचतं. गुणवत्ता मुलीची आणि खुर्ची रिकामी सरकारची, त्यात भरडली गेली ती मुलगी.

घरी बाबांचा प्रश्न साधा होता. "तीन वर्सात डिग्री भेटते म्हन्तेस, मंग हे चवथं वरीस कायले?" मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. तीन वर्षांची पदवी घेतली तर एम.एस्सी. दोन वर्षांची, चार वर्षांची घेतली तर एम.एस्सी. एका वर्षात करता येते. शिवाय चौथ्या वर्षाअखेर 75 टक्के असले तर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला बसता येतं आणि थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. बाबांना नेट-पीएच.डी.चं फारसं काही वाटलं नाही, पण एकूण वर्षं तेवढीच भरतात हे त्यांना पटलं. "मंग इकडचं तिकडं झालं फक्त," म्हणाले आणि सही केली. आई तर आधीपासूनच माझ्या बाजूने होती.

सातव्या सेमिस्टरमध्ये थिअरीचे पेपर होते आणि रिसर्च मेथडॉलॉजी होती. थिअरीबद्दल फार लिहीत नाही. ग्रुप थिअरी आणि स्पेक्ट्रोस्कोपी अवघड असतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि बसून गणितं सोडवण्यापलीकडे त्यावर उपाय नाही. खरी सवय लावून घ्यावी लागली ती शोधनिबंध वाचायची. आमच्या ग्रंथालयाला इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टची, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाची, वर्गणी आहे. त्यातून मोठमोठी नियतकालिकं घरबसल्या मोबाईलवर उघडतात, पण कॉलेजातल्या अर्ध्या मुलांना हे ठाऊकच नसतं. ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या, ते तुमच्या हक्काचं आहे. पहिल्या निबंधाचं एक पान वाचायला मला अख्खी संध्याकाळ लागायची. पुढे लक्षात आलं की आधी आकृत्या आणि तक्ते पाहावेत, मग पद्धत वाचावी आणि प्रस्तावना शेवटी. तसं केल्यावर वाचन सुरळीत झालं.

विषय निवडताना दोन मतं होती. आमच्याकडे सर्रास चालणारा विषय म्हणजे एखाद्या झाडाच्या पानांच्या रसापासून सिल्व्हर नॅनोपार्टिकल तयार करणं. वाईट विषय नाही तो, पण कण तयार झाले की तपासणीसाठी नमुने बाहेर पाठवायचे, पैसे भरायचे आणि आलेले आलेख प्रबंधात चिकटवायचे. मला पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत सगळं माझ्या हाताने मोजता येईल असं काहीतरी हवं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "तुझ्या गावात रसायनशास्त्राचा प्रश्न कोणता आहे?" मला लगेच दात आठवले. आमच्या पट्ट्यात कितीतरी मुलांच्या पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे दिसतात. घासून जात नाहीत. बाहेरून आलेल्यांना वाटतं पोरं तंबाखू खातात. तो दंत-फ्लोरोसिस आहे आणि तो पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे होतो. दात हिरडीच्या आत तयार होत असतात त्या वयात जास्त फ्लोराइड पोटात गेलं की डाग पडतो तो कायमचा. वर्षानुवर्षं फार जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर हाडं आणि सांधेही धरतात. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, आणि दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त 1.5. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांचे काही भाग फ्लोराइडसाठी ओळखले जातात हे सरकारी अहवालांतही आहे. पण आमच्या पंचक्रोशीत कोणत्या बोअरला किती आणि कोणत्या विहिरीला किती, हे कुणी एका जागी मांडलेलं मला सापडलं नाही. विषय ठरला.

नमुने गोळा करायला काचेच्या बाटल्या चालत नाहीत, फ्लोराइड काचेशी खेळतं. प्लास्टिकच्या बाटल्या लागतात. त्या डिस्टिल्ड वॉटरने धुवायच्या, मग ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने खंगाळायच्या. हातपंप आधी थोडा वेळ हापसून पाइपमधलं साचलेलं पाणी काढून टाकायचं. बाटलीवर गाव, स्रोत, खोली, तारीख. खोली विचारली की लोक आधी बोअर मारायला किती खर्च आला ते सांगतात, मग किती फुटांवर पाणी लागलं ते.

फ्लोराइड मोजायची आमच्या प्रयोगशाळेत जमण्यासारखी पद्धत स्पॅडन्सची. स्पॅडन्स नावाचा रंग आणि झिर्कोनियम यांचं लालसर संयुग असतं. पाण्यात फ्लोराइड असलं की ते झिर्कोनियमला ओढून घेतं आणि लाल रंग फिका पडतो. जितकं फ्लोराइड जास्त तितका रंग फिका. किती फिका झाला ते 570 नॅनोमीटरवर स्पेक्ट्रोफोटोमीटर सांगतो. आधी प्रमाण द्रावणं करायची: 221 मिलिग्रॅम कोरडं सोडियम फ्लोराइड एक लिटर पाण्यात विरघळवलं की लिटरला 100 मिलिग्रॅम फ्लोराइडचं मूळ द्रावण मिळतं. ते पातळ करत करत लिटरला 0 पासून 1.4 मिलिग्रॅमपर्यंतची द्रावणं बनवायची, प्रत्येकाच्या 50 मिलिलिटरमध्ये 10 मिलिलिटर स्पॅडन्स-झिर्कोनियमचं अभिकर्मक घालायचं आणि आलेखावर सरळ रेष काढायची. नमुन्याचं वाचन त्या रेषेवर बसवायचं. नमुना 1.4 च्या वर गेला तर पातळ करून पुन्हा मोजायचा.

पुस्तकात हे अर्ध्या पानात संपतं. प्रत्यक्षात आमची रेष रोज थोडी सरकायची. तीच द्रावणं, तेच यंत्र, तरी सकाळचं आणि दुपारचं वाचन जुळायचं नाही. सरांनी काहीच सांगितलं नाही, फक्त थर्मामीटर हातात दिला. स्पॅडन्सची अभिक्रिया तापमानाला फार हळवी आहे. नमुना आणि प्रमाण द्रावण यांच्या तापमानात दोन अंशांपेक्षा जास्त फरक चालत नाही. हिवाळ्यातल्या सकाळी आमची लॅब गार असते, दुपारी पत्र्याखालचा भाग तापतो, आणि एप्रिलमध्ये तर विचारूच नका. मग मी पाण्याने भरलेलं मोठं प्लास्टिकचं घमेलं टेबलावर ठेवलं आणि त्यात सगळे फ्लास्क, नमुन्यांचे आणि प्रमाण द्रावणांचेही, तासभर बुडवून ठेवायला लागले. लोडशेडिंगमध्ये पंखा बंद झाला तरी घमेल्यातलं पाणी चटकन तापत नाही. रेष जागेवर आली. पुढे दर खेपेला मी नवीन रेष काढायची आणि जुनीवर कधीच विसंबायची नाही. माझ्या मते चौथ्या वर्षाने मला काही दिलं असेल तर ते हेच: आकडा लिहिण्याआधी तो आकडा कशावर उभा आहे ते तपासणं. पहिल्या तीन वर्षांच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच माहीत असतं. इथे कुणालाच माहीत नव्हतं.

सोबत पाण्याचा कठीणपणाही, म्हणजे पाणी किती जड आहे तेही, मोजत होते. ते टायट्रेशन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून हातात बसलेलं असतं: पीएच 10 चा बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, वरून थेंब थेंब ईडीटीए, आणि दारूसारखा लाल रंग सरकत सरकत निळा होतो. नुसतं कॅल्शियम मोजायला म्युरेक्साइड हा दुसरा रंग. मी हे निव्वळ प्रबंधात एक तक्ता जास्त असावा म्हणून सुरू केलं होतं, पण माझ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं तिथेच निघालं.

उथळ विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम जास्त आणि फ्लोराइड कमी येत होतं. खोल बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी कॅल्शियम कमी आणि फ्लोराइड दीडच्या वर. सगळीकडे नाही, पण कल स्पष्ट होता. कारण बारावीत शिकलेल्या सोल्युबिलिटी प्रॉडक्टमध्ये, म्हणजे क्षार किती विरघळेल ते ठरवणाऱ्या स्थिरांकात, आहे. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फार कमी विरघळतं, त्याचा स्थिरांक 25 अंशांना सुमारे 3.5 × 10⁻¹¹. लिटरमागे 100 मिलिग्रॅम कॅल्शियम असेल तर गणिताने फ्लोराइड साधारण 2 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकत नाही, उरलेलं घन होऊन बसतं. कॅल्शियम 10 वर उतरलं की तीच मर्यादा 7 च्या आसपास जाते. खोल खडकात पाणी खूप काळ मुरतं, तिथल्या मातीच्या खनिजांना कॅल्शियम देतं आणि त्यांच्याकडून सोडियम घेतं. म्हणजे फ्लोराइडला अडवणारा कॅल्शियमच निघून जातो. सरांनी इथेही सोडलं नाही. "अ‍ॅक्टिव्हिटी कोएफिशियंट घेतलास का?" पाण्यात इतर क्षार असतात तेव्हा आयनांची खरी परिणामकारकता कमी होते, त्यामुळे मर्यादा थोडी वर सरकते. हे मोजायचं डेबाय-हुकेलचं समीकरण मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या रात्री ते आमच्या शेजारच्या गावच्या हातपंपासाठी सोडवलं आणि मला ते पहिल्यांदा समजलं.

आता यातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती. कॅल्शियम कमी म्हणजे पाणी मऊ. मऊ पाण्यात साबणाला फेस येतो आणि तुरीची डाळ लवकर शिजते. आमच्याकडे चांगल्या पाण्याची बायकांची कसोटी हीच आहे. एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, मी नमुना घ्यायला गेले तेव्हा तिथल्या आजी म्हणाल्या, "त्या हिरीच्या पान्यानं डाळ शिजतच नाई बाई, बोअरचं पानी गोड हाय, त्याच्यानं झटकन शिजते." त्या पोडावरचं बोअरचं पाणी माझ्या यादीतल्या जास्त फ्लोराइडवाल्या पाण्यांपैकी होतं. आजींची पारख चुकीची नव्हती. पाणी मऊच होतं, डाळ शिजतच होती. फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंग नाही, त्यामुळे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली पारख इथे मदतीला येत नाही. म्हणून तर प्रयोगशाळा लागते.

आकडे हातात आले की सांगून टाकावंसं वाटतं. सरांनी थांबवलं. एका पद्धतीच्या भरवशावर गावाला घाबरवायचं नाही. जास्त आलेले नमुने आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडवर तपासून घेतले. ती पद्धत वेगळ्या तत्त्वावर चालते, तिला रंगाशी देणंघेणं नाही. दोन्हींचे आकडे जवळ आले तेव्हाच आम्ही ग्रामपंचायतीकडे गेलो. जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण दिलेलं असतं. आमच्या गावातल्या ताईंकडेही ती पेटी होती. त्यांनी माझ्यासमोर नमुना घेतला, रंगाच्या पट्टीशी धरला आणि म्हणाल्या, "माह्यंबी हेच येऊन रायलं ना, पन मले वाटलं पेटी जुनी झाली असंन." त्यांचं वाचन बरोबर होतं. त्यांच्या वहीतली आधीची पानं मी माझ्या प्रबंधात त्यांच्या परवानगीने जोडली, त्यांच्या श्रेयासह.

गावात पहिला प्रश्न आला, उकळून प्यावं का? नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड तिथेच राहतं आणि पाणी आटल्यामुळे उलट वाढतं. दुसरा प्रश्न, तुरटी फिरवली तर? नुसती फिरवून नाही, पण तुरटी आणि चुना मोजून टाकून फ्लोराइड खाली बसवायची पद्धत आहे. नलगोंडा तंत्र म्हणतात, आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने ते विकसित केलं. मी ते बादलीत करून पाहिलं आणि फ्लोराइड उतरलंही. पण तुरटी किती टाकायची ते पाण्याच्या अल्कलीपणावर ठरतं, रोज गाळ काढावा लागतो आणि प्रमाण बिघडलं तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उरतं. निंदणाच्या दिवसांत सकाळी सहाला शेतात जाणाऱ्या बाईने हे रोज करावं असं मी म्हणू शकले नाही. त्यापेक्षा पडीक पडलेली जुनी विहीर उपसून, गाळ काढून, टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकून प्यायला वापरावी आणि बोअर धुण्याभांड्याला, असं आम्ही सुचवलं. विहिरीचं पाणी उघडं असतं, जंतूंचा धोका आहे, पण तो टीसीएलने आटोक्यात येतो.

मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ्याचे नमुने, मग लिहिणं, छपाई, बाइंडिंग. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो ब्लँकचा, म्हणजे फ्लोराइड नसलेल्या पाण्याच्या वाचनाचा, दुसरा तापमानाचा. दोन्हींची उत्तरं माझ्या वहीत तारखेनिशी होती. तिसरा प्रश्न असा होता की मी गप्प बसले: "पिण्याचं पाणी बदलाल, पण डाळ तर बोअरच्याच पाण्यात शिजणार. शिजताना डाळीत किती फ्लोराइड जातं?" मी म्हटलं, मोजलेलं नाही. त्या म्हणाल्या, मोजा.

सहाव्या सेमिस्टरमध्ये असलेल्यांना एवढंच सांगते. फॉर्म भरायच्या आधी विभागात जाऊन विचारा, कायम मार्गदर्शक किती आहेत आणि या वर्षी ते किती मुलं घेणार. मार्गदर्शकाकडे जागा नसेल तर जुलैमध्ये कळून उपयोग नसतो. विषय गावातला घ्या, म्हणजे नमुना संपला तर पुन्हा आणता येतो. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म चौथ्या वर्षालाही नव्याने भरावा लागतो, कॉलेजच्या क्लार्ककडे स्वतः जाऊन पाठपुरावा करा. आणि प्रयोगशाळा सहायकांशी बोलत जा. डिस्टिलेशनची भट्टी कधी चालू होणार, कोणता क्युव्हेट (यंत्रात नमुना ठेवायची नळी) ओरखडलेला आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

एम.एस्सी.चा प्रवेश जुलैत आहे. तोवर लॅब वापरायला विभागाने परवानगी दिली आहे. सध्या मी तुरीची डाळ विहिरीच्या पाण्यात रात्रभर भिजत घालून शिजवते आहे, आणि दुसऱ्या भांड्यात न भिजवता बोअरच्या पाण्यात. भिजवलेली डाळ जड पाण्यातही बऱ्यापैकी शिजते, हे आईने आधीच सांगितलं होतं. वरणातलं फ्लोराइड मोजायला स्पॅडन्स चालत नाही, हळदीचा रंग आडवा येतो, म्हणून हळद न घालता शिजवते आणि पाणी इलेक्ट्रोडसाठी जिल्ह्याला पाठवते. पहिल्या नमुन्यांचे आकडे पुढच्या आठवड्यात येतील.